स्वयंशासन दिनानंतरचा मार्च

फेब्रुवारी अर्धा सरला की तळेगावात सकाळची थंडी नावापुरती उरते आणि दुपारी ऊन एकदम अंगावर येतं. ऊस गेलेल्या रानांत पाचट पेटवतात. त्याची काळी कात्रणं उडत येतात, माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांवर बसतात आणि झटकायला गेलं की नेमकी फासली जातात. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं निघालेले असतात. ह्या सगळ्या गलक्यातून शेजारच्या घरातला एक सूर मात्र काही केल्या हटत नाही. शेजाऱ्यांची नात यंदा दहावीला आहे. सकाळपासून तिचं चालू असतं, सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे, सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे. पुढचं वाक्य तिला आठवत नाही. मग पानं उलटल्याचा आवाज येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला ते वाक्य येतं. एकतीस वर्षं मी तेच शिकवलं, इतिहास आणि राज्यशास्त्र. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठी, जिथून नदीपलीकडं दौंड तालुका दिसतो, अशा एका गावात आमची शाळा होती. म्हणजे आहे अजून, मीच तिथं नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली. लोक विचारतात, मॅडम, वेळ कसा जातो? छान जातो की. दहा महिने छान जातो. हे दोन महिने तेवढे जात नाहीत. घरात बसवत नाही, बाहेर पडवत नाही, आणि घरात एक खडू नसताना बोटांना खडूचा वास येत राहतो.

कारण मला ठाऊक आहे, उगाच वयावर कशाला ढकलू? एका मुलीचं नाव माझ्यामुळं खराब झालं. ते साफ करायला मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ते वाक्य मी नऊ वर्षं बोलले नाही. आणि मी बाई शिकवत होते स्वराज्य.

आमच्याकडच्या बऱ्याच शाळांत दहावीच्या परीक्षेआधी, निरोप समारंभाच्या आसपास, स्वयंशासन दिन असतो. नाव भारदस्त, प्रकार मजेचा. त्या एका दिवशी दहावीची मुलं शाळा चालवतात. मुली आईच्या नाहीतर मावशीच्या साड्या नेसून येतात, दहा ठिकाणी पिना लावून जखडलेल्या. मुलं शर्ट आत खोचतात आणि दिवसभर दर पाच मिनिटांनी खोचत राहतात. कुणी गणिताचे सर होतो, कुणी शिपाई, कुणी हेडमास्तर. शिपाई झालेल्याचा हेवा सगळ्यांना, कारण घंटा त्याच्या हातात. आम्ही खरे शिक्षक मागच्या बाकांवर बसून त्यांचे तास बघायचो, त्यांनी आणून दिलेला पांचट चहा प्यायचो. संध्याकाळी हेडमास्तर भाषण करायचे की मुलांनी आज स्वराज्य अनुभवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना उशीर झाला म्हणून उन्हात उभं करायचे. ह्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही वाटलं कधी.

हेडमास्तर कुणी व्हायचं हे दर वर्षी खरे हेडमास्तर ठरवायचे. गावातल्या कुठल्या घराला त्या वर्षी खूश ठेवायचं त्यावर ते ठरायचं, आणि मुलगा त्या घरचा असायचा. नऊ वर्षांपूर्वी मी ह्यावरून स्टाफरूममध्ये भांडले. म्हटलं, वर्षभर मी ह्यांना मतदान शिकवते, परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो, मग ह्यांना एकदा मत टाकू द्या की. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, कटकट नको एवढंच त्याला हवं असायचं. तो म्हणाला, घ्या बाई तुमची निवडणूक. आम्ही खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. सुजाता निवडून आली.

सुजाता काटकुळी होती, कपाळाला कायमची आठी, जिभेला धार. ती वर्गात कुणाची लाडकी वगैरे नव्हती. मैत्रिणीचं चुकलं तरी तोंडावर सांगायची आणि मग दोन दिवस एकटी डबा खायची. गणित तिचं कच्चं. हे साऱ्या शाळेला माहीत होतं आणि सगळ्यात आधी तीच सांगून टाकायची. विहाराच्या मागच्या वस्तीत राहायची. वडील कंपनीच्या बसनं रांजणगावला जायचे, आई कांद्याच्या कामावर, घरी आजोबा. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. अशा मुलीला वरच्या आळीतल्या मुलांनीही मतं दिली. का दिली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. झाकलेली चिठ्ठी हातात आली की माणसाचं काहीतरी वेगळं होतं खरं.

त्या दिवशी ती आईची मोरपंखी साडी नेसून आली होती, पायात शाळेचे काळे बूट तसेच. घंटा झाली तरी मी स्टाफरूममध्ये गप्पा मारत बसले होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, आज तुम्ही विद्यार्थी. घंटा झाली."

मी उठले. हसत उठले, पण उठले.

माझ्या नववीची वीस मार्कांची चाचणी त्याच दिवशी ठरलेली होती. इतिहासाच्या मॅडम झालेली मुलगी हातात पट्टी घेऊन वर्गात फिरत होती, माझी हुबेहूब नक्कल करत, चष्म्यावरून बघत वगैरे. सुजातानं तिला बाहेर बोलावलं. वर्गाला सांगितलं की आत कुणी थांबणार नाही, वेळ झाली की मॉनिटरनं पेपर गोळा करून आणायचे. पट्टीवाली म्हणाली, अगं, कॉप्या करतील ना सगळे. तेव्हा सुजाता जे बोलली ते मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं.

"करतील. पण मग त्यांचं त्यांना कळंल."

मी मनात म्हटलं, लेकरू आहे.

रविवारी पेपर तपासायला बसले. अंगणात गव्हाला ऊन दाखवलं होतं आणि मी चिमण्या हाकलत हाकलत लाल पेन चालवत होते. दोन पेपर चुकांसकट सारखे निघाले, म्हणजे दोघांनी संधी साधली होती. मला जरा बरंच वाटलं, आपण म्हणत होतो तेच खरं झालं म्हणून. मग एक पेपर आला. एका उत्तरावर पेनानं आडवी रेघ मारलेली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, बघून लिहिलं होतं. बस, एवढंच. नाव एका अगदी साध्या मुलाचं, वर्गात असून नसल्यासारखा. मी त्या रेघेकडं बघत बसले. तोवरच्या सव्वीस वर्षांत माझ्या पट्टीनं, माझ्या डोळ्यांनी, माझ्या आवाजानं असं कुणाच्या हातून काही खोडवून घेतलेलं मला आठवेना. त्या उत्तराला मी नियमाप्रमाणं शून्य दिलं आणि चिमण्यांनी तोवर गव्हात धुडगूस घातला होता.

परीक्षा जवळ आली की वस्तीतली मुलं संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसायची. घरांत जागा कमी, टीव्हीचा आवाज, आणि विहारात लख्ख ट्यूबलाइट. दहावीच्या मुलांच्या घरी एक चक्कर मारायची माझी पद्धत होती, तशी एकदा तिथंही गेले. अभ्यास सुरू होण्याआधी आबा मुलांकडून वंदना म्हणून घेत होते. पांढरी टोपी, अंगावर धुतलेलं धोतर, आवाज बसलेला. मी चप्पल काढून मागं उभी राहिले. हात जोडावेत की नाही ते मला कळेना, मग पदर सारखा केला.

नंतर सुजाताला सहज म्हटलं, रोज तेच म्हणता, कंटाळा येत नाही? ती म्हणाली की मॅडम, ह्याच्यात हुकूम कुणाचाच नाही. हे करू नको असं वरून कुणी सांगत नाही. मी करणार नाही, असं मीच म्हणते. मोडलं तर मीच माझं मोडलं, शिक्षा करायला कुणी येत नाही, म्हणून रोज म्हणावं लागतं. मग तिनं बोटांवर मोजत मला पंचशीलातली पाचही शीलं सांगितली. दुसरं होतं, जे आपल्याला दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. आबा कोपऱ्यातून म्हणाले, चोरी म्हनलं की मानूस म्हनतो मी कुठं चोर हाय, म्हनून असं सांगितलंय. मी मान डोलावली. घरी येताना जीपमध्ये बसून मी विचार करत होते की राज्यशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट कुठल्याच धड्यात कशी नाही. तिथं राज्य म्हणजे कुणाचं तरी कुणावर तरी. परक्याचं जाऊन आपलं आलं की धडा संपतो. आपलं म्हणजे नेमकं कुणाचं, आणि ते आपल्यावर कोण चालवणार, हे स्वाध्यायातसुद्धा विचारलेलं नाही.

आता मार्च. ह्या परिच्छेदापाशी आले की मला पाणी प्यायला उठावंसं वाटतं.

आमचीच शाळा परीक्षेचं केंद्र होती. ज्या विषयाचा पेपर त्या विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी वर्गावर नेमत नाहीत, म्हणून गणिताच्या पेपराला माझी नेमणूक झाली. बाहेर पिंपळाला नवी पालवी, आत पत्र्याचं छत तापलेलं, आणि पत्रा तापला की मधूनच टणकन वाजतो तेवढाच आवाज. सकाळी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी काही दम दिला नाही, उलट गयावया केली. शिरूरच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस गावात यायला लागल्या होत्या. आमचा पट घसरत होता, तुकडी बंद झाली की दोन शिक्षक कमी होणार होते. निकाल शंभर टक्के लागला तर लोक पोरं इथं ठेवतील. शेवटच्या अर्ध्या तासात जरा सांभाळून घ्या मॅडम, म्हणाले, आपलीच लेकरं आहेत.

आपलीच लेकरं. आमच्या भागात ह्या दोन शब्दांवर काहीही होतं. रस्ता होतो, रस्ता अडतो, जत्रेचा वाद मिटतो आणि बोर्डाच्या परीक्षेत उत्तरं सांगितली जातात. त्यात कुणाला पाप वाटत नाही, उलट न सांगणारा आतल्या गाठीचा ठरतो.

शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा शिपाई पाणी द्यायला आला. पाण्याच्या भांड्याखाली घडी केलेला कागद होता, पर्यायांच्या प्रश्नांची आणि दोन सोप्या गणितांची उत्तरं. मी तो एकेकाच्या कानात सांगू शकले असते. पण मला वाटलं, एकाला ऐकू येईल, दुसऱ्याला नाही, भेदभाव नको. काय म्हणावं ह्या अकलेला! मी खडू घेतला आणि फळ्याकडं वळले. आणि हाताच्या सवयीनं, तुम्हांला खोटं वाटेल, मी आधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वार लिहिला, दिनांक लिहिला, विषय गणित असं लिहून खाली रेघ मारली. मग उत्तरं लिहिली. सुवाच्य अक्षरात, मागच्या बाकाला दिसतील एवढी मोठी.

वर्गात एकदम पेनांची कुरकुर सुरू झाली. मी वळून बघितलं. सगळ्या माना वर-खाली, वर-खाली. तिसऱ्या बाकावर सुजातानं कपाळावर आडवा हात धरला होता, उन्हात लांबचं रान बघताना धरतात तसा. फळा दिसू नये म्हणून. दुसऱ्या हातानं ती तिचं ते चुकतमाकत सोडवत होती. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नसेल. मी तिच्या बाकापाशी गेले, टेबलावर बोटानं टकटक केलं आणि फळ्याकडं खूण केली. तिनं मान वर केली नाही. घंटा होईपर्यंत हात तसाच. मी फळा पुसला तेव्हा माझ्या ब्लाउजच्या बाह्यांवर खडू सांडला होता.

पेपरनंतर ती मला हापशापाशी भेटली, तोंडावर पाणी मारत होती. मी चिडलेलीच होते. म्हटलं, अगं एवढं मोठं लिहून दिलं होतं, आंधळी आहेस का? आणि वर म्हटलं, तुमच्यात दिलेलं नसेल तर घ्यायचं नाही ना, मी तर दिलं होतं.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"मॅडम, ते तुमचं नव्हतं द्यायला."

उर्मटपणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती घरी गेली. मी तिथंच उभी राहून हापशाचा दांडा दोनदा हाणला, पाणी नको असताना.

पुढचं तुम्हांला कळलंच असेल. जूनमध्ये निकाल लागला आणि सगळी शाळा पास झाली, सुजाता सोडून. गणितात गेली, तेही थोडक्यात. हेडमास्तरांनी शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स आधीच छापायला टाकला होता. तो आला आणि शंभरच्या आकड्यावर अठ्ठ्याण्णवची पट्टी डकवून तसाच फाटकावर लावला. पट्टीच्या कडेनं खालचं एक शून्य दिसायचं. गावातली माणसं येता-जाता ते शून्य बघायची आणि विचारायची, कोन ओ ती?

पालकसभा झाली. हेडमास्तर बोलले, एका मुलीमुळं आपलं शंभर टक्के हुकलं, आम्ही सगळ्यांनी एवढे कष्ट घेतले होते. नाव घेतलं नाही, गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मागं सतरंजीच्या कडेला आबा बसले होते, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. मी स्टेजवर होते, माझ्या हातात आभाराचा कागद होता. मला फक्त उभं राहून म्हणायचं होतं की ही एकटीच स्वतःच्या अकलेवर बसली, बाकीच्यांना मी फळ्यावर लिहून दिलं. मी आभार मानले. चहावाल्याचे सुद्धा मानले.

नोकरी गेली असती, हे खरं. बोर्डानं सोडलं नसतं. घरी लेकीच्या इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं दिली आहेत की ती आता मलाच पाठ झाली आहेत, शेजारच्या पोरीसारखी. पण एक प्रश्न त्यातून उरतोच. ती वरच्या आळीतली असती, उपसरपंचाची पुतणी असती, आणि तिच्या घरच्यांनी सभेत उठून जाब विचारला असता, तर मी गप्प बसले असते का? नसते बसले. तिचे आबा टोपी काढून बसणारे होते म्हणून मला गप्प बसता आलं. हे लिहिताना लाज वाटते. वाटायलाच हवी.

नंतर जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मनात आलं, गणित मी कुणाकडून तरी करून घेते, फी भरते, म्हणजे फिटेल. आबांनी खाटेवर चादर अंथरली, सुजातानं चहा आणला. आबा माझ्याकडं बघून सावकाश म्हणाले, आमचीच पोरगी कमी पडली म्हनायची, व्हय ना मॅडम? आणि थांबले. बराच वेळ थांबले. सुजाता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, नशीब असतं एकेकाचं. फॉर्म खाटेवर ठेवून मी निघाले. तो तिनं भरला नाही. त्या पावसाळ्यात वडिलांचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ती आईबरोबर कांद्याच्या शेडवर निवडायला जाऊ लागली, आणि अठरा पुरी झाल्यावर दौंडच्या बाजूला तिचं लग्न झालं. लग्नाला मला पत्रिका होती. मी शिरूरला दातांच्या डॉक्टरकडं गेले होते, असं मी सांगितलं.

त्यानंतर पाच वर्षं मी तोच धडा शिकवला. मुलं खोडकरपणे विचारायची, मॅडम, स्वराज्य आलं ना, मग अजून परीक्षा का? मी हसायचे. ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर सह्यांना फिरायचं, सभा झाल्याचं त्यात आधीच लिहिलेलं असायचं, त्यावर मी सही करायचे. रस्त्यानं पिकअप जाते, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत स्वराज्य लिहिलेलं असतं आणि गाडी उलट्या बाजूनं घातलेली असते. पूर्वी मी अशांना मनातल्या मनात झापायचे. आता तोंड वळवते.

यंदा फोन आला. नवे हेडमास्तर, माझेच एकेकाळचे विद्यार्थी. स्वयंशासन दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून या, विषय तुमच्याच आवडीचा, स्वराज्य. मी हो म्हटलं. चार दिवस मी भाषण लिहिलं. त्यात सगळं लिहिलं, खडू, फळा, तिसरा बाक, पालकसभा. आता नोकरी जायची भीती नाही, लेक परदेशात, मग काय अडलं होतं?

जीपनं गेले. वाटेत उसाच्या कडेनं शाळकरी मुलं घोळक्यानं चालली होती, मागं-पुढं एकेक मोठं माणूस काठी घेऊन, बिबट्याच्या भीतीनं. शाळेला नवा रंग. वर्गावर्गात कॅमेरे बसवलेत, हेडमास्तरांनी अभिमानानं दाखवले, एका टीव्हीवर सगळे वर्ग चौकोनांत दिसतात. मुलांनी हात पुढं करून कॉपी न करण्याची शपथ घेतली, तिचाही व्हिडिओ काढून वर पाठवायचा होता, म्हणून दोनदा घेतली. साड्या तशाच, पिना तशाच. मी बोलायला उभी राहिले. समोर त्या मुलींचे उत्सुक चेहरे, बाजूला माझा विद्यार्थी, ज्यानं आयुष्यात मला कधी उलट उत्तर दिलं नाही. मी कागद उघडला. आणि मी त्यांना सांगितलं की स्वराज्य म्हणजे जबाबदारी. टाळ्या वाजल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला.

शाल हातात घेऊन मी विहाराच्या मागं चालत गेले. रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, स्वतःचा, इतका की उन्हात चालताना मी मोठ्यानं बोलत होते. आबा अंगणात खाटेवर होते. थकलेत फार. मी नाव सांगितलं तेव्हा उठून बसले आणि सवयीनं टोपी शोधू लागले. मी म्हटलं, राहू द्या आबा. मी खाली, जोत्यावर बसले, आणि सांगितलं. फळ्यावर मी लिहिलं, तिनं बघितलं नाही, म्हणून ती नापास झाली. सभेत मी गप्प बसले. तुम्ही विचारलंत तेव्हाही गप्प बसले. तुमची पोरगी कमी पडली नव्हती.



"म्हाईत हाय मला," आबा म्हणाले. "त्याच दिसी घरी यिऊन सांगितलं तिनं. मी म्हनलं, चल शाळंत, इचारू. न्हाई म्हनली. मॅडम सोताहून सांगतील म्हनली. आपून सांगाया लावलं तर ते त्यांचं ऱ्हायचं न्हाई. म्हनून त्या दिसी तुमी फारम घिऊन आल्ता, तवा मी इचारून बघितलं."

मला त्यांचं ते थांबणं आठवलं, आणि दाराला टेकून उभी असलेली ती. दोघंही माझीच वाट बघत होती आणि मी चहा पीत होते. नऊ वर्षं ह्या घरानं गावाचं बोलणं ऐकून घेतलं, एका शब्दानं माझं नाव बाहेर काढलं नाही. त्यांनी मला माझ्यावर सोपवलं होतं.

मी म्हटलं, आबा, तिला एक फोन लावा, मला तिच्याशी बोलायचंय. निदान कळवा तरी की मी आले होते, सांगून गेले. आबांनी उशाशी ठेवलेला फोन हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत खाली ठेवला.

"लगीन झाल्यावर बी दोन-तीन वर्सं इचारायची," ते म्हणाले. "फोन केला की आदी त्येच. मॅडम आल्त्या का? आता न्हाई इचारत."